वास नसलेला वायू आणि भाड्याची खोली

बोईसरच्या माणसाला वारा कुठून वाहतो हे नाकाने कळते. तारापूर औद्योगिक वसाहतीत रसायने, औषधे, रंग, कापड आणि पोलाद यांचे कारखाने दाटीवाटीने उभे आहेत. रात्री उग्र दर्प आला की लोक खिडक्या लावून घेतात, नाकाला ओला रुमाल धरतात आणि सकाळी एकमेकांना विचारतात, ‘काल काय सोडलं होतं?’ नाकाला जाणवले की सावध व्हायचे, हे इथले अनुभवातून आलेले शहाणपण आहे.

हे शहाणपण एका वायूपुढे मात्र चालत नाही. कार्बन मोनॉक्साइडला रंग नाही, वास नाही, चव नाही. त्याने डोळे चुरचुरत नाहीत की ठसका लागत नाही. शिवाय तो आपल्याच न्हाणीघरात तयार होऊ शकतो. दर्पाला घाबरून खिडकी लावणारा माणूस नकळत त्याला घरात कोंडून घेतो.

पालघर-डहाणू पट्ट्यातली घरे, चुली आणि इंधन यांच्या नोंदी मी गेली काही वर्षे ठेवत आलो आहे. त्या चाळताना एक गोष्ट पुन्हा पुन्हा समोर येते. घरात विस्तव पूर्वीही होता आणि आजही आहे. बदलले आहे ते घर.

वारली पाड्यावरचे जुने घर आठवा. कारवीच्या कुडाच्या भिंती, वर शेणामातीचा लेप, छपराला पेंढा किंवा कौले. भिंत आणि छप्पर यांच्यामध्ये फट असायचीच. चुलीचा धूर घरभर फिरून तिथून झिरपत बाहेर पडे. त्या धुराने बायकांचे डोळे आणि छाती खराब केली, म्हणून त्या घराचे गोडवे गाण्याचे कारण नाही. पण घर श्वास घेत होते. गावातल्या कौलारू घरांतही बाळंतिणीच्या बाजेखाली निखाऱ्यांची शेगडी ठेवत. ओवा, बाळंतशेपा, वावडिंगाची धुरी देत. खोली अंधारी, दार लोटलेले. तरी कौलांतून हवा खेळत असल्यामुळे शेगडीचा विषारी भाग बराचसा निघून जाई. तीच शेगडी आज स्लॅबच्या, सरकत्या काचांच्या खोलीत ठेवली तर बाळंतीण आणि बाळ दोघांच्या जिवावर बेतू शकते.

निखारा फसवा असतो, कारण त्याला धूर नसतो. जुन्या ठाणे जिल्ह्यातल्या जंगलांतून मुंबईला लाकूड आणि कोळसा जाई, आणि कोळशाच्या भट्ट्यांवर कातकरी कुटुंबे राबत. लाकडे रचायची, पाला-मातीने झाकायची आणि आत बेताचीच हवा जाऊ द्यायची, हे भट्टीचे तंत्र. लाकूड पुरते जळू नये यासाठीच सारा खटाटोप. शहरात हा कोळसा ‘बिनधुराचा’ म्हणून पसंत केला जाई. पण कोळसा कमी हवेत जळाला की कार्बन मोनॉक्साइड देतो, आणि धूर नसल्यामुळे कुणी खिडकी उघडायला उठत नाही.

या वायूने माणूस मरतो कसा, याचा उलगडा एकोणिसाव्या शतकात झाला आणि त्याची किंमत प्राण्यांनी मोजली. फ्रेंच शरीरशास्त्रज्ञ क्लोद बर्नार यांनी शतकाच्या मध्यावर कुत्र्यांवर प्रयोग केले. वायूने मेलेल्या कुत्र्याचे रक्त सगळीकडे लालभडक राहते, हे त्यांनी पाहिले. रक्तातले हिमोग्लोबिन एरवी ऑक्सिजन वाहून नेते. या वायूला ते ऑक्सिजनपेक्षा दोनशेहून अधिक पटीने घट्ट धरते. हवेत ऑक्सिजन २१ टक्के असतो. त्याच्या दोनशेव्या भागाएवढा, म्हणजे जेमतेम ०.१ टक्का कार्बन मोनॉक्साइड बराच वेळ श्वासात जात राहिला, तर निम्म्या हिमोग्लोबिनचा ताबा तो घेऊ शकतो. माणूस श्वास घेत असतो, छाती वरखाली होत असते, आणि तरी शरीर आतून गुदमरते.

यानंतरचे मोठे नाव जॉन स्कॉट हॉल्डेन यांचे. त्यांचा मुलगा जे. बी. एस. हॉल्डेन आपल्याकडे अधिक परिचित आहे. तो १९५७ साली भारतात येऊन राहिला आणि १९६४ साली भुवनेश्वरला वारला. वडिलांनी १८९५मध्ये हा वायू स्वतः हुंगून त्याच्या परिणामांची नोंद केली. जानेवारी १८९६मध्ये दक्षिण वेल्समधल्या टायलर्सटाउनच्या कोळसा खाणीत स्फोट होऊन ५७ माणसे गेली. हॉल्डेन यांनी मृतदेह तपासले, खाणीत मेलेले घोडेही पाहिले. बहुतेकांचा बळी स्फोटाने नव्हे, तर त्यानंतर बोगद्यांत साचलेल्या वायूने घेतला होता. त्यांनी सुचवले की खाणीत उतरताना उंदीर किंवा छोटा पक्षी बरोबर न्यावा. लहान उष्ण रक्ताच्या जिवाचा श्वास जलद, म्हणून विष त्याला आधी भिनते. तो डगमगला की माणसाने मागे फिरायचे.

त्यातून कॅनरी पक्ष्याची प्रथा पडली. ब्रिटनमध्ये १९११च्या कायद्यानंतर खाणींच्या बचाव केंद्रांत असे पक्षी ठेवणे बंधनकारक झाले. काही पिंजऱ्यांना ऑक्सिजनची छोटी नळकांडी जोडलेली असे, म्हणजे मूर्च्छित पक्ष्याला शुद्धीवर आणता येई. आपल्या खाणकामाच्या पुस्तकांत कॅनरीबरोबर मुनियाचा उल्लेख येतो. भातशेतीत थव्याने उतरणारी मनोली ती हीच. १९८६ साली ब्रिटनने खाणींतले पक्षी निवृत्त करून त्या जागी विजेवर चालणारी यंत्रे आणण्याचा निर्णय घेतला. पक्षी गेला, पण त्याचे काम कुणीतरी करायलाच हवे, ही समज कायम राहिली.

आपल्या घरांत मात्र ते काम कुणाकडेच सोपवले गेले नाही. एलपीजीची विक्री देशात सुरू झाली ती १९५५ साली, मुंबईत. गॅस गळला तर कळावे म्हणून त्यात मर्कॅप्टनचा उग्र वास मिसळतात. त्यामुळे आपली समजूत झाली की वास नाही म्हणजे धोका नाही. पण मर्कॅप्टन सांगतो ते न जळलेल्या गॅसविषयी. गॅस अर्धवट जळून जो कार्बन मोनॉक्साइड होतो, त्याला वास नसतोच. एक घनमीटर एलपीजी नीट जळायला साधारण २५ ते ३० घनमीटर हवा लागते. न्हाणीघरातला गॅस गीझर शेगडीच्या एका बर्नरपेक्षा कित्येक पट गॅस जाळतो. दार बंद, झरोका बंद, वाफ दाटलेली. थोड्याच वेळात ज्योतीला ऑक्सिजन कमी पडू लागतो आणि विषाचे प्रमाण झपाट्याने चढते.

जानेवारी २०२०मध्ये बोरिवलीत १५ वर्षांची मुलगी अंघोळीला गेली आणि बेशुद्ध सापडली; काही दिवसांनी ती वारली. मार्च २०२३मध्ये धुळवडीनंतर घाटकोपरमध्ये एक जोडपे न्हाणीघरात मृतावस्थेत आढळले. त्याही वेळी प्राथमिक तपासात संशय गॅस गीझरवरच आला. दोन्ही बातम्या चार दिवस चालल्या आणि विरल्या.

आता बोईसरकडे येऊ. १९६९मध्ये तारापूरचे अणुवीज केंद्र सुरू झाले, पाठोपाठ औद्योगिक वसाहत वाढली आणि देशभरातून कामगार आले. त्यांच्यासाठी आजूबाजूच्या गावांत जागा मिळेल तिथे खोल्यांच्या रांगा उठल्या. पास्थळ, सालवड, सरावली भागातल्या अशा खोल्या मी हिंडून पाहिल्या. न्हाणीघर बहुधा खोलीच्या मागच्या कोपऱ्यात. शेजारची खोली पाठीला पाठ लावून बांधलेली, त्यामुळे झरोक्याला बाहेरची हवाच नाही. जिथे झरोका आहे तिथे डास, चोर आणि कारखान्यांचा दर्प या तीन कारणांनी त्यावर पुठ्ठा ठोकलेला. विजेचा गीझर परवडत नाही, कारण घरमालकाच्या सब-मीटरचे बिल झेपत नाही. म्हणून गॅस गीझर, आणि तोही न्हाणीघराच्या आतच.

या खोल्यांत जनावरेही असतात. लव्हबर्डचा पिंजरा, कुत्र्याचे पिल्लू, येऊन-जाऊन राहिलेली मांजर. घरमालकाला चालत नाही म्हणून कित्येक जण ती लपवून ठेवतात, आणि भुंकणे बाहेर जाऊ नये म्हणून उरलेली खिडकीही लावून घेतात. हा वायू खाली बसतो, की वर चढतो, असे लोक विचारतात. तो हवेपेक्षा किंचित हलका असतो आणि खोलीभर मिसळून जातो. पलंगावरचा माणूस आणि खालचे पिल्लू दोघेही तोच श्वास घेतात. फक्त लहान जीव आधी कोसळतो. कुत्रा अडखळू लागला, ओकला, सुस्त पडला, पक्षी दांडीवरून खाली पडला, तर त्याने काहीतरी खाल्ले असेल असे म्हणून सोडून देऊ नये. तरीही घरातल्या मुक्या जिवाला कोणी खाणीतली कॅनरी समजू नये. तो पहारेकरी नाही, तो आपल्याबरोबरचा बळी आहे.

माणसाची लक्षणे आणखी फसवी. डोके जड, मळमळ, चक्कर. आपल्याकडे त्याला ‘पित्त’ म्हणतात आणि माणूस दार लावून झोपतो. खूण एकच लक्षात ठेवावी: घरातल्या सगळ्यांना एकदमच पित्त होत नाही. बाहेर गेल्यावर बरे वाटते आणि घरात आल्यावर पुन्हा डोके धरते, तर संशय हवेवर घ्यावा. करोनाच्या काळात घरोघरी आलेल्या ऑक्सिमीटरवर विसंबू नये. कार्बन मोनॉक्साइड धरलेले रक्त आणि ऑक्सिजन धरलेले रक्त यांतला फरक त्याला कळत नाही, आकडा चांगलाच दिसतो. रोग्याला मोकळ्या हवेत आणावे आणि शुद्ध ऑक्सिजन मिळेल अशा रुग्णालयात न्यावे. साध्या हवेत रक्तातला हा वायू निम्म्यावर यायला चार-पाच तास लागतात, शुद्ध ऑक्सिजनवर तास-दीड तास.

मग जबाबदारी कुणाची? राष्ट्रीय इमारत संहिता न्हाणीघराला किमान ०.३७ चौरस मीटर, म्हणजे सुमारे चार चौरस फूट उघडी जागा सांगते. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ मधले कलम १४ जागा सुस्थितीत ठेवण्याचे कर्तव्य घरमालकावर टाकते, आणि कलम ५५ लेखी, नोंदणीकृत करार मागते. भाडेकराराच्या ज्या प्रती मी वाचल्या, त्यांत पंखे, ट्यूबलाइट, नळ यांची मोजदाद होती. झरोक्याबद्दल ओळ नव्हती. गीझर भाडेकरूचा, भिंत मालकाची. भिंतीला भोक पाडून धुराचा नळ बाहेर काढायचा तर परवानगी कोण देणार आणि खर्च कोण करणार, इथे गाडे अडते. इंग्लंडमध्ये ऑक्टोबर २०२२पासून इंधन जाळणारे बसवलेले उपकरण ज्या राहत्या खोलीत आहे, तिथे इशारा देणारे यंत्र लावणे घरमालकावर बंधनकारक आहे. सूट आहे ती फक्त स्वयंपाकाच्या गॅसला. खाणीतल्या पक्ष्यापासून निघालेली वाट तिथे भाड्याच्या घरापर्यंत पोहोचली. आपल्याकडे ती पोहोचवायला नवा कायदा होईपर्यंत थांबायची गरज नाही. करारात दोन ओळी वाढवल्या तरी पुष्कळ होईल: न्हाणीघराचा झरोका उघडा राहील, आणि गॅस गीझर असल्यास तो न्हाणीघराबाहेर, धुराच्या नळासह बसवला जाईल. इशारा देणारे यंत्र बाजारात मिळते. ते कुणी आणायचे हेही तिथेच लिहावे.

हा अंक हाती येईल तेव्हा थंडीची चाहूल लागली असेल. नरकचतुर्दशीच्या पहाटे एकामागून एक सगळ्यांची अभ्यंगस्नाने होतात. गीझर तासभर बंद होत नाही आणि उटण्याच्या वासात दुसरे काही जाणवत नाही. त्या पहाटे झरोक्यावरचा पुठ्ठा काढून ठेवा. गरम पाणी बादलीत काढून घ्या, गीझर बंद करा आणि मग अंघोळीला बसा. पिंजरा न्हाणीघराच्या दाराशी टांगलेला असेल, तर तो खिडकीकडे हलवा.