भोगवर्धनात किती माणसे राहत होती?

जालन्याच्या उत्तरेला, केळणा नदीच्या काठी भोकरदन वसले आहे. तालुक्याचे ठिकाण, भोवती काळीभोर कापसाची जमीन, आठवडी बाजार, कचेरी, शाळा. २०११च्या जनगणनेत गावाची लोकसंख्या वीस-पंचवीस हजारांच्या घरात होती. मराठवाड्यात अशी गावे पुष्कळ आहेत. भोकरदनचे वेगळेपण एवढेच, की या गावाचा पुरावा सलग नसला तरी दोन हजार वर्षांहून अधिक मागे जातो. त्यामुळे वर्गातला एखादा चौकस मुलगा हमखास विचारील असा प्रश्न इथे विचारून पाहता येतो : पूर्वी आपल्या गावात किती माणसे असतील?

प्रश्न साधा दिसतो. पण त्याचे उत्तर शोधू लागलो की आधी दुसराच प्रश्न पुढे येतो. मोजले कोणी, आणि कोणाला?

भोकरदनच्या माणसांची सर्वांत जुनी नोंद भोकरदनमध्ये नाही. ती आहे मध्य प्रदेशात, सांचीच्या स्तूपावर. इसवी सनापूर्वीच्या दुसऱ्या-पहिल्या शतकांत तिथले कठडे आणि फरसबंदी लोकांच्या देणग्यांतून झाली आणि देणाऱ्यांची नावे, गावे दगडावर कोरली गेली. या लेखांत ‘भोगवढन’ हे गाव एकाहून अधिक वेळा येते. संस्कृत ‘भोगवर्धन’चे हे प्राकृत रूप. मार्कंडेय पुराणातही दक्षिणेकडच्या लोकांच्या यादीत मौलिक आणि अश्मक यांच्याबरोबर भोगवर्धन आहेत. ‘भोगवर्धन’ झिजत झिजत ‘भोकरदन’ झाले, हे आता सर्वसाधारणपणे मान्य आहे.

सांची इथून सरळ रेषेत सुमारे ४०० किलोमीटर. इतक्या दूर ही माणसे कशाला गेली? याचे उत्तर नकाशात आहे. पैठणहून निघालेला व्यापारी मार्ग उत्तरेकडे अजिंठ्याच्या डोंगराची रांग ओलांडून खानदेशात उतरे आणि माहिष्मती, उज्जयिनी करत विदिशेला पोहोचे. बौद्ध वाङ्मयातील सुत्तनिपातात पैठणपासून विदिशेपर्यंतच्या या मुक्कामांची नावे ओळीने येतात. भोकरदन पैठण आणि अजिंठ्याच्या डोंगराच्या दरम्यान आहे, आणि सांची विदिशेच्या अगदी शेजारी. मात्र ही यादी देणगीदारांची आहे. ज्याच्या गाठीला दान देण्याइतके होते आणि जो इतका प्रवास करू शकला किंवा ज्याचे दान तिथवर पोहोचू शकले, त्याचेच नाव त्यात आले. सांचीच्या देणगीदारांत स्त्रिया आणि भिक्षुणी मोठ्या संख्येने आहेत, ही त्यातली सुखद बाब. पण भोगवर्धनात मणी घासणारा कारागीर, त्याची म्हातारी आई, नदीवर गुरे नेणारा पोरगा यांचा दगडाशी संबंध आला नाही.

त्यांचा शोध मातीतच घ्यावा लागतो. १९७३मध्ये तेव्हाची नागपूर आणि मराठवाडा ही दोन विद्यापीठे एकत्र आली आणि शां. भा. देव व र. शं. गुप्ते यांच्या मार्गदर्शनाखाली भोकरदनला उत्खनन झाले. महाराष्ट्र त्या वेळी १९७२च्या दुष्काळातून जात होता. सातवाहन काळातल्या थरांत मण्यांचा आणि शंखांच्या वस्तूंचा मोठा साठा मिळाला. हे गाव नुसते शेतीवर जगत नव्हते, इथे कारागिरी होती. सर्वांत गाजला तो एक हस्तिदंती तुकडा. मूर्ती अपुरी आहे, तिचा खालचा भागच उरला आहे, पण इटलीतल्या पॉम्पेई शहरात १९३८ साली सापडलेल्या हस्तिदंती स्त्रीमूर्तीशी तिचे साम्य चटकन ध्यानात येते. पॉम्पेई इसवी सन ७९ मध्ये व्हेसुव्हियस ज्वालामुखीच्या राखेखाली गाडले गेले, म्हणजे तिथली मूर्ती त्याआधीची. धाराशिव जिल्ह्यातल्या तेरलाही याच घडणीची मूर्ती मिळाली आहे. पॉम्पेईची मूर्ती भोकरदनच्या कारागिराने घडवली असेल का, यावर अभ्यासकांनी पुष्कळ लिहिले आहे. तसे खात्रीने सांगण्याइतका पुरावा आहे असे मला वाटत नाही. त्या मूर्तीच्या बैठकीवर खरोष्ठी अक्षर आहे, आणि खरोष्ठी ही वायव्येकडची लिपी, ही गोष्ट नजरेआड करता येत नाही. पण एकाच घडणीच्या वस्तू दख्खनमध्ये आणि इटलीत मिळाव्यात, एवढेही कमी नाही.

वस्तूंवरून गावाची श्रीमंती कळते, डोकी कळत नाहीत. त्यासाठी गावाखालच्या मातीकडेच पाहावे लागते.

आपल्याकडे जमिनीचे दोन भाग सांगतात : काळी आणि पांढरी. काळी म्हणजे पिकाची, पांढरी म्हणजे वस्तीची. ही विभागणी नुसती महसुली नाही, तिला रसायनशास्त्राचा आधार आहे. काळी माती बेसॉल्ट खडक झिजून झालेली. तिच्यातली चिकणमाती पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात हातभर खोल भेगाळते. अशा जमिनीत भिंत उभी केली तर तीही भेगाळणार. म्हणून वस्ती पिढ्यान्‌पिढ्या एकाच उंचवट्यावर राहते. पडलेल्या भिंती, चुलीतली राख, शेण, हाडे, चुना यांचे थर साचत जातात, उंचवटा वाढतो आणि मातीचा रंग फिकट होतो. माणूस आणि जनावर जिथे राहते तिथे फॉस्फरस साठतो. तो कॅल्शियम, लोह यांच्याशी बांधला जातो आणि पाण्याबरोबर सहज वाहून जात नाही. स्वीडनमध्ये ओलोफ अर्‍हेनियस यांनी १९३०च्या सुमारास मातीतल्या फॉस्फेटवरून जुन्या वस्त्या हुडकण्याची रीत रूढ केली. आपल्या शेतकऱ्याला यातला व्यवहार आधीच ठाऊक होता. पांढरीची माती खत म्हणून तो शेतात टाकत आला आणि माळवदावर दरवर्षी पसरत आला, कारण ती काळ्या मातीसारखी तडकत नाही. दुर्दैव असे, की उंचवट्यातून भरलेली प्रत्येक गाडी म्हणजे इतिहासाचे एक पान. ते गेले की गेले.

फॉस्फेटवरून माणसे राहत होती एवढे कळते, किती राहत होती ते नाही. संख्येसाठी पुरातत्त्वज्ञ दोन ढोबळ पद्धती वापरतात. पहिली क्षेत्रफळाची : जुन्या वस्तीत हेक्टरी सुमारे १०० ते २०० माणसे राहत असावीत असे धरायचे. दुसरी रॅऊल नॅरोल या मानववंशशास्त्रज्ञाची. निरनिराळ्या १८ समाजांची तुलना करून त्याने १९६२ साली मांडले, की छपराखालच्या साधारण १० चौरस मीटर जागेमागे एक माणूस येतो. समजा, एखादे पांढरीचे टेकाड १० हेक्टरांचे आहे. पहिल्या पद्धतीने तिथे १००० ते २००० माणसे येतील. उत्तर दुप्पट-निमपटीच्या फरकाने येते, आणि तेही सारे टेकाड एकाच वेळी वसलेले होते असे धरले तर! प्रत्यक्षात गाव सरकते : एक आळी ओस पडते, दुसरीकडे नवी घरे उठतात. शिवाय भोकरदनला आजचे गाव जुन्या गावावरच बसलेले आहे, त्यामुळे सगळीकडे खणायची सोय नाही. भोगवर्धनच्या लोकसंख्येचा नेमका आकडा कोणी सांगू लागले, तर त्याने किती हेक्टर धरले हे आधी विचारावे.

सातवाहन गेले, राष्ट्रकूट आले. केळणेच्या काठचे खडकात कोरलेले वैष्णव लेणे त्यांच्या काळातले. म्हणजे लेणे कोरवण्याइतका पैसा तेव्हाही या परिसरात होता. त्यापुढची हजारेक वर्षे लोकसंख्येच्या दृष्टीने जवळजवळ मुकी आहेत.

मग १८०३च्या सप्टेंबरात भोकरदन अचानक इंग्रजी कागदपत्रांत येते. शिंदे आणि भोसले यांच्या फौजा तिथे आहेत, अशी खबर आर्थर वेलस्लीला मिळाली होती. प्रत्यक्षात २३ सप्टेंबरला त्या त्याला अपेक्षेहून जवळ, केळणा आणि जुई या नद्यांच्या दुआबात असईजवळ भेटल्या. तिथे लढाई झाली. शिंद्यांचे कवायती पायदळच दहा हजारांवर होते. त्यांवर घोडदळ, आणि सगळ्यांमागे बुणगे, बाजार, बैल. केळणेच्या काठी काही दिवस एक चालते शहर उतरले होते. त्याला दाणा-वैरण आसपासच्या गावांतूनच जाणार. वेलस्लीच्या बाजूची मोजदाद चोख आहे : ४२८ ठार, ११३८ जखमी, १८ बेपत्ता. त्या हंगामात आसपासच्या गावांत किती माणसे उपाशी राहिली, किती गाव सोडून गेली, याचा आकडा कोणी ठेवला नाही.

माणशी मोजणी सुरू झाली ती १८८१ साली, हैदराबाद संस्थानाच्या पहिल्या जनगणनेत. संस्थानची लोकसंख्या तेव्हा सुमारे ९८ लाख ४६ हजार भरली. १८९१मध्ये ती १ कोटी १५ लाखांवर गेली आणि १९०१मध्ये १ कोटी ११ लाखांवर उतरली. भोकरदन ज्यात मोडे त्या तेव्हाच्या औरंगाबाद जिल्ह्याची घसरण याहून तीव्र : ८ लाख २९ हजारांवरून ७ लाख २१ हजार. आठांतला एक माणूस कमी! १८९९-१९००च्या दुष्काळाचा हा हिशेब. त्यात मेलेले किती आणि परागंदा झालेले किती, हे एकट्या बेरजेवरून कळत नाही. पुढे १९११ ते १९२१ या दशकातही संस्थानची संख्या १ कोटी ३४ लाखांवरून १ कोटी २५ लाखांच्या आत आली. या वेळी कारण मुख्यतः १९१८ची मानमोडीची साथ, म्हणजे इन्फ्लुएंझा. लोकसंख्या सतत वाढतच जाते असे पाठ्यपुस्तक वाचून मुलांना वाटते. त्यांच्यापुढे हे आकडे ठेवून आलेख काढायला सांगावा.

१ मे १९८१ला जालना जिल्हा वेगळा झाला. २०११मध्ये त्याची लोकसंख्या १९ लाख ५९ हजार होती. हा आकडा घरोघर फिरून गोळा केला तो बहुतांशी शिक्षकांनीच, तेव्हा त्यातली खोच त्यांना सांगायला नको. नियम असा होता, की ९ ते २८ फेब्रुवारी या पूर्ण मुदतीत जो घरी नाही, त्याची नोंद तो जिथे असेल तिथे व्हायची. जालना-बीडकडची ऊसतोडणीची जोडपी दिवाळीच्या सुमारास मुकादमाची उचल घेऊन जातात आणि उन्हाळा लागल्यावर परततात. फेब्रुवारी हा कारखान्यांचा ऐन हंगाम. मग तो ‘कोयता’, म्हणजे नवरा-बायकोची जोडी, आणि सोबतचे लेकरू कारखान्याच्या गावात मोजले जाणार, तेही पालावर प्रगणक पोहोचला तर. घरी राहिलेली आजी आणि हंगामी वसतिगृहातला मुलगा गावात. म्हणजे एकच कुटुंब दोन जिल्ह्यांत. प्रभागरचना, पाण्याच्या योजना, अनुदाने यांचे हिशेब मात्र याच आकड्यांवर, आणि २०२१ची जनगणना कोविडमुळे वेळेवर झाली नाही, म्हणून ते जुने आकडे दहा वर्षांपलीकडेही चालू राहिले.

भोकरदनसारख्या गावांतून आणखी एक नोंद सापडते, जिच्याकडे संशोधक क्वचित वळतात : शाळेचे जनरल रजिस्टर. त्यात मुलाचे नाव, जन्मतारीख, कोणत्या गावाहून आला आणि शाळा का सोडली, हे सारे असते. जुन्या शाळांत ही रजिस्टरे कपाटाच्या तळाशी वाळवीची वाट पाहत पडलेली असतात. ‘शाळा सोडण्याचे कारण’ हा रकाना वर्षवार मांडून १९७२-७३ आणि २०१२-१३ या दोन दुष्काळी वर्षांशी ताडून पाहावा. नववी-दहावीच्या मुलांना हे काम दोन शनिवारांत जमेल. आधी नावे झाकून घ्यावीत, कारण त्यातली काही मुले आता गावातच आजोबा झालेली असतील.