डफ, गिटार आणि कुर्ल्याची गल्ली

जानेवारी २०१४. चंद्रपूरची थंडी मागे टाकून तुम्ही मुंबईत, कुर्ला पश्चिमेच्या एका गल्लीत उभे आहात. विशीतला नावेद शेख वडिलांनी दिलेल्या आयपॅडवर रॅप रेकॉर्ड करतोय. ना स्टुडिओ, ना कंपनी. ठेका इंटरनेटवरून घेतलेला, भाषा गल्लीची हिंदी. गाण्याचं नाव ‘आफत’. थोड्याच दिवसांत देश त्याला ‘नेझी’ म्हणून ओळखू लागेल. मुसलमान घरातल्या पोराने माइक हातात घेतला की ‘हे जायज आहे का?’ हा प्रश्न लगेच येतो. तो तुमच्याही कानावर पडतो.

त्या प्रश्नाचा माग काढत आणखी मागे चला. २००७, शिकागोलगत. अमेरिकेतल्या मुसलमानांची मोठी वार्षिक परिषद भरली आहे. जुन्या स्कूलबसमधून गावोगाव फिरत आलेली पंक वाजवणारी मुलंमुली मंचावर चढतात. त्यांना एकत्र आणलंय एका कादंबरीने. मायकेल मुहम्मद नाइटने त्यात बफेलो शहरातलं एक काल्पनिक घर रंगवलं होतं. तिथे गिटारी कडाडतात, जुम्म्याची नमाजही होते आणि बुरखा घालणारी एक मुलगी ती पढवते. कादंबरी लिहिली तेव्हा असे बँड नव्हतेच. पुस्तक वाचून पोरांनी ते उभे केले. आता कॅनडाच्या ‘सिक्रेट ट्रायल फाइव्ह’मधल्या मुली गाऊ लागतात. बाईच्या गाण्याला इथे परवानगी नाही. कार्यक्रम बंद पडतो, पोलीस येतात. तुम्हीही त्या पोरांबरोबर दाराबाहेर येता. दीन, म्हणजे धर्म, सोडायचा असता, तर ती या परिषदेत आलीच कशाला असती? आपल्याच माणसांनी आपलं ऐकावं, एवढंच त्यांचं मागणं होतं.

आणखी मागे. १९४४, मुंबईचं गिरणगाव. बार्शीचा मेहबूब हुसेन पटेल डफावर थाप मारतो. लोक त्याला शाहीर अमर शेख म्हणतात. अण्णाभाऊ साठे आणि द. ना. गवाणकर यांच्यासोबत त्याने लाल बावटा कलापथक उभं केलंय. त्याचा पहाडी आवाज चढतो तसे पाळी संपवून आलेले कामगार सरसावून बसतात. पुढे संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात हाच आवाज गावोगाव घुमणार आहे. ‘शेख’ हे नाव मिरवत तो मराठी माणसाचं गाऱ्हाणं गातो, आणि हा आपला की परका, असं त्या गर्दीत कुणी विचारत नाही.

या तिघांच्या वाटा वेगळ्या. शाहिराची निष्ठा लाल बावट्यावर, पंकवाल्यांचा झगडा दीनच्या अंगणातला, तर नावेद आपल्या गल्लीचा. पण प्रत्येकाने आपली ओळख स्वतःच्या तोंडाने सांगितली. दुसऱ्या कुणाला ती ठरवू दिली नाही.

आता आजच्या चंद्रपुरात या. बल्लारपूर, घुग्घुस इथल्या मुसलमान पोरापोरींकडे घरची उर्दूमिश्रित हिंदी आहे, शेजारची झाडीबोली आहे, कोळशाची धूळ आहे आणि मनात प्रश्नही आहेत. दिवाळीपासून होळीपर्यंत रात्र रात्र नाटक बघणारा झाडीपट्टीचा जाणता प्रेक्षकही इथेच आहे. या पोरापोरींच्या प्रश्नांना मंच द्या. ईमान असलेलं माणूसच इतक्या कळकळीने प्रश्न विचारतं.