घरून काम : आईचे आणि माझे

२०२० च्या जुलैत बार्बाडोसने आणि ऑगस्टमध्ये एस्टोनियाने दूरस्थ काम करणाऱ्यांसाठी व्हिसा सुरू केला. नोकरी दुसऱ्या देशातली, मुक्काम मात्र वर्षभर त्यांच्याकडे. एस्टोनियाच्या अर्जाला कामाचा करार आणि सहा महिन्यांच्या मिळकतीचे पुरावे जोडताना मला हुपरी आठवली. आपल्याकडे काम घरी येणे नवे नव्हते. चांदीच्या कड्या घरोघरी जोडल्या जात आणि पैंजण परराज्यांतल्या बाजारांत पोचत. दप्तर टाकून आपणही आईशेजारी बसायचो. आईने वीस वर्षे घरून काम केले, त्याच मजुरीतून माझी फी भरली. पण तिच्याजवळ त्या कामाचा एकही कागद नाही. मित्रमैत्रिणींनो, निदान या स्मरणिकेत तरी आपापल्या आयांच्या कामाची नोंद करू या.