पुढल्या आठवड्यात ये

दिवाळीच्या अंकात बंदुकीची गोष्ट कशाला, असे आमच्या घरात प्रथम विचारले गेले. फराळाचे ताट पुढ्यात असताना हे वाचणार कोण? प्रश्न रास्त आहे. पण ही हकीकत बंदुकीपेक्षा एका वाक्याची अधिक आहे, आणि ते वाक्य आपल्यापैकी प्रत्येकाने आयुष्यात कधी ना कधी कुणाला तरी म्हटलेले आहे. मी तर ते शब्दशः म्हटलेले आहे. म्हणून हा धीर.

२०१८ साली मुलाकडे अमेरिकेत टेक्सस राज्यातील ऑस्टिन या गावी तीन महिने राहण्याचा योग आला. मुलगा-सून कामावर गेली की नातवाचा हात धरून गाव पालथे घालायचे, हा माझा उद्योग. गावाच्या मध्यभागी विद्यापीठ आहे आणि विद्यापीठाच्या मध्यभागी मनोरा. ३०७ फूट उंच, १९३७ साली पुरा झालेला. वरच्या टोकाला चारी दिशांना चार घड्याळे, त्याच्यावर घंटाघर आणि त्यात छप्पन्न घंटा. घड्याळांच्या खाली अठ्ठाविसाव्या मजल्याला चौफेर सज्जा आहे. आगाऊ नाव नोंदवून, झडती देऊन तिथे जाता येत असे. आम्ही गेलो. बरोबरच्या मुलीने घंटांची माहिती सांगितली, डोंगर दाखवले, विद्यापीठ एखादा सामना जिंकले की मनोरा नारिंगी दिव्यांनी कसा उजळतो तेही सांगितले. सज्ज्याच्या दगडी कठड्यावर मधूनमधून टवके उडालेले होते. त्याविषयी ती काही बोलली नाही आणि मीही विचारले नाही. मला ते ठाऊक होते.

१ ऑगस्ट १९६६, सोमवार. सकाळी अकरा अठ्ठेचाळीसला या सज्ज्यावरून पहिली गोळी सुटली आणि पुढे शहाण्णव मिनिटे गोळीबार चालू राहिला. गोळ्या झाडणारा याच विद्यापीठाचा विद्यार्थी होता. नाव चार्ल्स व्हिटमन, वय पंचवीस, स्थापत्याचे शिक्षण चालू, पूर्वी नौसैनिक दलात होता. आदल्या रात्री आणि पहाटे त्याने आपल्या आईला व बायकोला मारले होते. मनोऱ्यात आणि मनोऱ्यावरून त्याने आणखी किती घरे उजाड केली याचा तपशील येथे देत नाही. तीसांहून अधिक माणसे जखमी झाली. त्यांच्यातला एक जण त्या जखमेचा त्रास पस्तीस वर्षे सोसून २००१ साली वारला, आणि सरकारी वैद्याने तोही खूनच ठरवला, एवढे सांगितले म्हणजे पुरे.

मला अधिक सांगायचे आहे ते त्या सकाळचे. त्याने बाजारातून आणखी एक बंदूक विकत घेतली. दुकानदाराने सहज विचारले असावे. रानडुकरांच्या शिकारीला चाललो आहे, असे त्याने सांगितले. टेक्ससमध्ये हे उत्तर म्हणजे आपल्याकडे कुऱ्हाड घेताना 'जळण फोडायला' म्हणण्यासारखे. सामान वाहायची ढकलगाडी त्याने त्याच सकाळी भाड्याने आणली होती. मग त्याने कामगाराचा एकसंध पोशाख चढवला, लष्करी पेटी गाडीवर लादली आणि विद्यापीठाच्या दारात आला. पहारेकऱ्याला सांगितले, सामान उतरवायचे आहे. पहारेकऱ्याने गाडी उभी करायला चाळीस मिनिटांचा परवाना दिला. मनोऱ्यातली लिफ्ट बंद होती. तिथल्या बाईंनी कळ दाबून चालू करून दिली. त्याने त्यांचे अदबीने आभार मानले.

सर्वांत चमत्कारिक भेट वर घडली. सज्ज्यावरून देखावा पाहून एक तरुण जोडपे खाली यायला निघाले होते. समोर हा उभा, दोन्ही हातांत बंदुका. जमिनीवर गडद डाग. तिला वाटले कसले तरी रोगण सांडले असेल. त्याला वाटले पारवे मारायला आलेला विद्यापीठाचा माणूस असेल. सोयीचा अर्थ माणसाला किती चटकन सुचतो! तिने हसून नमस्कार केला, यानेही हसून उत्तर दिले, आणि दोघे खाली उतरून गेली. पुढच्या काही मिनिटांत काय झाले हे कळल्यावर त्या दोघांनी तो जिना मनात किती वेळा उतरला असेल, देव जाणे.

खाली जो प्रकार झाला तो आपल्या कल्पनेत बसत नाही. गावकऱ्यांनी घरून हरणे मारायच्या बंदुका आणल्या आणि झाडांआडून, खिडक्यांतून मनोऱ्यावर उलटा मारा सुरू केला. त्या काळी तिथल्या पोलिसांजवळ लांब पल्ल्याची हत्यारे पुरेशी नव्हती. या उलट माऱ्यामुळे व्हिटमनला कठड्यावरून डोके काढता येईना, पाणी वाहून जाण्याच्या भोकांतून नेम धरावा लागला, असे वर गेलेल्या पोलिसानेच पुढे कृतज्ञतेने सांगितले. पण गंमत अशी, की तोच पोलिस सज्ज्यावर पोचला तेव्हा खालच्या हितचिंतकांच्या गोळ्या त्याच्याही डोक्यावरून जात होत्या! रामिरो मार्टिनेझ आणि ह्यूस्टन मॅकॉय या दोन पोलिसांनी दुपारी एक चोवीसच्या सुमारास व्हिटमनला ठार केले. त्यांच्याबरोबर विद्यापीठाच्या पुस्तकदुकानातला एक कर्मचारी बंदूक घेऊन वर गेला होता. इतर कित्येक जण गोळ्यांच्या वर्षावात धावत जाऊन तापल्या फरशीवर पडलेल्यांना उचलून आणीत होते. त्यांतले बहुतेक विद्यार्थी. मला या सगळ्या हकिकतीत खरे शूर ते वाटतात.

दुसऱ्या दिवशी, २ ऑगस्टला, विद्यापीठाच्या आरोग्यकेंद्रातील मानसोपचारतज्ज्ञ डॉक्टर हीटली वार्ताहरांपुढे आले आणि त्यांनी आपले एक टिपण उघड केले. टिपण २९ मार्चचे, म्हणजे चार महिन्यांपूर्वीचे. त्या दिवशी व्हिटमन आपण होऊन त्यांच्याकडे आला होता. त्या महिन्यात त्याची आई नवऱ्याच्या मारहाणीला कंटाळून फ्लॉरिडातले घर सोडून निघाली होती; हाच तिला गाडीतून ऑस्टिनला घेऊन आला होता. बापासारखाच आपणही बायकोवर हात टाकतो याची त्याला शरम वाटे. तास-दीड तास तो बोलत राहिला, मध्येच रडला. आणि बोलता बोलता म्हणाला, की हरणे मारायची बंदूक घेऊन मनोऱ्यावर जावे आणि माणसांवर गोळ्या झाडाव्यात असे विचार मनात येतात. डॉक्टरांनी ते जसेच्या तसे टिपून ठेवले. या मुलाच्या अंगातून वैर पाझरते आहे, असेही लिहिले. मग त्याला सांगितले, पुढल्या आठवड्यात याच वारी ये, मध्ये गरज वाटली तर केव्हाही फोन कर.

तो पुन्हा गेला नाही.

झाले! साऱ्या देशाला हवे होते ते सापडले. मुलाने तोंडाने सांगितले, हत्याराचे नाव सांगितले, जागा सांगितली. आणि डॉक्टर म्हणतो पुढल्या आठवड्यात ये! डॉक्टरांचे म्हणणे असे, की आरोग्यकेंद्रात येणारी पुष्कळ मुले मनोऱ्याचे नाव घेतात. तिथून उडी टाकीन, तिथे जाऊन काही तरी करीन, हे बोल त्यांच्या रोजच्या ऐकण्यातले होते. मनोरा गावात कुठूनही दिसतो. दुःखी मुलाची नजर त्याच्यावर जायचीच. हे स्पष्टीकरण लोकांना फारसे पटले नाही. मला पटते. का, ते सांगतो.

मी एका कॉलेजच्या वसतिगृहाचा रेक्टर म्हणून नऊ वर्षे काढली. गावाचे आणि कॉलेजचे नाव नको. मार्च महिना उजाडला की जिन्यात, मेसमध्ये, पाण्याच्या टाकीपाशी मुले जे बोलत ते लिहून काढले असते तर एक भयानक ग्रंथ झाला असता. कुणी विहीर जवळ करणार असे, कुणी गणिताच्या प्राध्यापकांना तिच्यात ढकलणार असे. मी हसून पुढे जाई. एका रात्री मात्र एक मुलगा माझ्या खोलीच्या दारात येऊन उभा राहिला. हुशार, अबोल, नांदेडकडचा. म्हणाला, "सर, चार रात्री झोप नाही. डोक्यात काहीबाही येतंय." माझ्यापुढे मेसच्या हिशेबाची वही उघडी होती, आणि तीत सत्तर-ऐंशी रुपयांचा मेळ बसत नव्हता. मी म्हटले, "अभ्यासाचा ताण आहे रे. परीक्षा झाली की पुढच्या आठवड्यात ये, निवांत बोलू." तो "बरं सर" म्हणून गेला. पुढच्या आठवड्यात आला नाही. परीक्षा देऊन घरी गेला, नोकरीला लागला, शेतकी खात्यातून निवृत्त झाला. दर दिवाळीला त्याचे पत्र येई, आता फोन येतो. काहीबाही म्हणजे काय, हे मी आजवर त्याला विचारलेले नाही.

डॉक्टरांनी निदान तास-दीड तास ऐकून घेतले होते, टिपण केले होते. मी हिशेबाची वहीसुद्धा मिटली नव्हती. तरी ते जगभर बदनाम झाले आणि मला दिवाळीचा फोन येतो.

पुढे शोध सुरू झाला आणि खुणा जागोजाग सापडू लागल्या. मित्रांना आठवले, की या मनोऱ्यावरून एकटा माणूस फौज थोपवून धरील असे तो वर्षांपूर्वी म्हणाला होता. नौसैनिक दलाच्या दप्तरात १९६३ सालचा लष्करी खटला निघाला. त्यात व्याजबट्टा, एका सैनिकाला दिलेली धमकी आणि बंदूक बाळगणे असे आरोप होते. बायकोच्या माहेरी मारहाणीची कुणकुण होती. पण सैन्याचे कागद सैन्याकडे, डॉक्टरांचे डॉक्टरांकडे, मित्रांची आठवण मित्रांकडे. या सगळ्यांची गाठ पडली ती दोन ऑगस्टला. आणि उलट बाजूचे कागद तरी काय थोडे होते? बालवीरांतली सर्वोच्च पदवी त्याने बाराव्या वर्षीच मिळवलेली. चर्चमध्ये प्रार्थनेच्या वेळी सेवा करणारा, पियानो वाजवणारा, गोरा-गोमटा, हसतमुख. असा मुलगा हे करील कसा, या बुचकळ्यात वर्तमानपत्रे पडली. 'टाइम' आणि 'लाइफ' या दोन्ही मोठ्या साप्ताहिकांनी १२ ऑगस्टच्या अंकांची मुखपृष्ठे या प्रकरणाला दिली.

त्याने चिठ्ठ्या लिहून ठेवल्या होत्या. आपल्याला आपलेच विचार कळेनासे झाले आहेत, मेल्यावर आपली तपासणी करा, आत काही बिघाड आहे का पाहा, अशी त्यात विनंती होती. तपासणी झाली आणि मेंदूत खरोखरच एक लहानशी गाठ निघाली. राज्यपाल कॉनली यांनी नेमलेल्या तज्ज्ञमंडळाने सप्टेंबरमध्ये अहवाल दिला, की भावना आवरता न येण्यात या गाठीचा हात असणे शक्य आहे, पण कृत्याशी तिचा संबंध निश्चित जोडता येत नाही. लोकांनी अहवालातले आपापल्या सोयीचे अर्धे वाक्य उचलले. अध्यक्ष जॉन्सन यांनी लगोलग बंदुकांवर निर्बंध घालण्याचा कायदा मागितला. तो व्हायला १९६८ उजाडले, आणि तेही मार्टिन ल्यूथर किंग व रॉबर्ट केनेडी यांचे खून झाल्यावर.

विद्यापीठाने काय केले? एक दिवस बंद ठेवले. मग फरशा धुतल्या, भोके बुजवली, वर्ग भरले. पुढची कित्येक दशके तिथे साधी पाटीही नव्हती. २००७ साली तळ्याकाठी एक लहानसा फलक लागला, तो बहुधा त्या वर्षी दुसरीकडे जे घडले त्याच्या थोडा आधीच.

ते दुसरीकडचे प्रकरण वाचकांना आठवत असेल. १६ एप्रिल २००७ रोजी व्हर्जिनिया टेक या विद्यापीठात एका विद्यार्थ्याने बत्तीस जणांचा जीव घेतला. मुंबईहून वास्तुविद्या शिकायला गेलेली एक मुलगी त्यांत होती, आणि तमिळनाडूतून जाऊन तिथे नावारूपाला आलेले जलशास्त्राचे प्राध्यापक लोगनाथन होते. इथे तर खुणा मूठभर नव्हत्या, पोतेभर होत्या. इंग्रजी विभागातल्या कवयित्री निक्की जिओव्हानी यांनी त्या मुलाला वर्गातून काढायला लावले होते. विभागप्रमुख ल्यूसिंडा रॉय त्याला एकट्याला शिकवीत आणि वरच्या कचेऱ्यांना कळवीत. डिसेंबर २००५ मध्ये न्यायाधिकाऱ्याने तो स्वतःला धोकादायक असल्याचे ठरवून बाहेरून उपचार घेण्याचा हुकूम दिला. पण बंदूक विकणाऱ्याने ज्या यादीत नाव पाहायचे तीत हा हुकूम चढलाच नाही; राज्याच्या समजुतीप्रमाणे रुग्णालयात डांबलेल्यांचीच नावे तिकडे पाठवायची होती. आणि विद्यार्थ्याची माहिती गुप्त ठेवण्याच्या कायद्याची कचेऱ्यांनी इतकी धास्ती घेतली होती, की शेजारच्या टेबलाशीही बोलू नये. चौकशी समितीने त्याच ऑगस्टमध्ये सांगितले, की कायद्याने अशी मनाई नव्हतीच. हे वाचून मला डॉक्टर हीटलींवरचा राग आणखीच कमी झाला, आणि या कचेऱ्यांवरचा मात्र होऊ शकला नाही.

तो मुलगा आठ वर्षांचा असताना कोरियाहून आलेला. बातमी कळताच दक्षिण कोरियाच्या अध्यक्षांनी शोक व्यक्त केला, सोलमध्ये लोकांनी मेणबत्त्या लावल्या, अमेरिकेतल्या कोरियन कुटुंबांनी माना खाली घातल्या. जणू घरातल्याच पोराने केले. विद्यापीठाच्या मैदानात बत्तीस दगड मांडले गेले. कुणी तरी एका विद्यार्थिनीने तेहेतिसावा दगड मारणाऱ्या मुलासाठी ठेवला. तो कुणी उचलून नेला. तिने पुन्हा ठेवला. त्या दगडावरून वर्तमानपत्रांत पुष्कळ भांडण झाले. मी दगड ठेवणारा झालो असतो की उचलणारा, हे मला अजून ठरवता आलेले नाही.

ऑस्टिनला मनोऱ्यावरून उतरून आम्ही तळ्यापाशी आलो. त्यात कासवे आहेत. नातवाला मनोऱ्यापेक्षा तीच पाहायची होती. काठावर तांबूस ग्रॅनाइटचा मोठा धोंडा आहे. १ ऑगस्ट २०१६ रोजी, बरोबर पन्नास वर्षांनी, तो तिथे बसवला. त्या दिवशी मनोऱ्यावरचे घड्याळ अकरा अठ्ठेचाळीसवर थांबवून चोवीस तास तसेच ठेवले होते. त्याच तारखेपासून, परवानाधारकांना झाकलेली बंदूक घेऊन विद्यापीठाच्या इमारतीत जाऊ देणारा टेक्ससचा नवा कायदाही अमलात आला.

धोंड्यावर सतरा नावे आहेत. व्हिटमनच्या आईचे आहे, बायकोचे आहे. एका ठिकाणी नाव नाहीच, जन्माला न आलेल्या बाळाचा नुसता उल्लेख आहे. नातू नुकताच इंग्रजी वाचायला शिकला होता. त्याने बोट ठेवून ती ओळ अक्षर लावून वाचली आणि विचारले, "आजोबा, याचं नाव का नाही लिहिलं?"

मी म्हणालो, "घरी गेल्यावर सांगतो."

मग आठवण झाली आणि तिथेच कट्ट्यावर बसून त्याला सांगितले.