अमी घिया आणि दुहेरीचा इतिहास

भारतीय बॅडमिंटनचा इतिहास सांगताना एकेरीच्या विजेत्यांची परंपरा हीच त्याची कालगणना मानण्याचा प्रघात पडला आहे. पुरुषांच्या बाबतीत नंदू नाटेकर, दिनेश खन्ना, प्रकाश पदुकोण, सय्यद मोदी आणि स्त्रियांच्या बाबतीत मीना शहा, अमी घिया, मधुमिता बिश्त, अपर्णा पोपट, सायना नेहवाल अशी नामावली दिली, म्हणजे इतिहासाचा सांगाडा उभा राहिला असे समजले जाते. हा प्रघात सोयीचा आहे, यात शंका नाही. एका वर्षाला एक विजेता आणि एका विजेत्याला एक नाव, असा त्याचा सरळ हिशोब असतो. परंतु हाच हिशोब अमी घिया यांच्या कारकीर्दीला लावला, की त्या कारकीर्दीचा अर्ध्याहून अधिक भाग त्याच्याबाहेर राहतो. असे का व्हावे, याचा विचार केल्यास एका खेळाडूच्या चरित्रापलीकडे जाणारे काही प्रश्न पुढे येतात.

या खेळाचा महाराष्ट्राशी असलेला संबंध जुना आहे. एकोणिसाव्या शतकाच्या आठव्या दशकात पुण्याच्या लष्करी छावणीतील इंग्रज अधिकाऱ्यांनी त्याला नियमांची पहिली चौकट दिली आणि काही काळ तो ‘पूना’ या नावानेच ओळखला जात असे. १९३४ साली अखिल भारतीय संघटना स्थापन झाली. पुढच्या दशकात क्रिकेटपटू प्रा. दि. ब. देवधर यांच्या कन्या तारा, सुंदर आणि सुमन यांनी राष्ट्रीय स्पर्धा गाजविल्या. त्यानंतर १९५९ ते १९६५ अशी सलग सात वर्षे मीना शहा यांनी एकेरीचे राष्ट्रीय विजेतेपद आपल्याकडे राखले आणि १९६२ साली त्यांना अर्जुन पुरस्कार मिळाला. १९५६ साली जन्मलेल्या अमी घिया यांच्यापुढे हा वारसा होता. मुंबईच्या या खेळाडूने आठव्या दशकात राष्ट्रीय क्षेत्रात अग्रस्थान मिळविले आणि १९७६ साली, वयाच्या विशीतच, त्या अर्जुन पुरस्काराच्या मानकरी ठरल्या.

त्यांच्या राष्ट्रीय विजेतेपदांची वर्गवारी पाहण्यासारखी आहे. एकेरीत ७, महिला दुहेरीत १२ आणि मिश्र दुहेरीत ४, अशी ही विजेतेपदे एकूण २३ होतात. यांपैकी १६ विजेतेपदे जोडीदारासह मिळविलेली आहेत. म्हणजे दर तीन विजेतेपदांपैकी दोन अशी आहेत की ज्यांचे श्रेय एका नावावर मांडता येत नाही. तरीही त्यांचा उल्लेख बहुधा ‘सात वेळा राष्ट्रीय विजेत्या’ असाच होतो, कारण सात या संख्येची तुलना मीना शहांच्या सात या संख्येशी चटकन करता येते. बारा या संख्येची तुलना कोणाशी करावयाची, हे ठरविण्याची तसदी सहसा घेतली जात नाही.

एकेरीला मिळणाऱ्या या अग्रमानाचे समर्थन अनेकदा असे केले जाते, की एकेरी हीच खेळाडूच्या सामर्थ्याची खरी कसोटी होय. हे मत तपासताना त्या काळचे नियम लक्षात घेणे अगत्याचे आहे. तेव्हा सर्व्हिस करणाऱ्या पक्षालाच गुण मिळे. पुरुषांची एकेरी आणि सर्व प्रकारची दुहेरी यांत एक डाव १५ गुणांचा असे, केवळ महिलांच्या एकेरीत तो ११ गुणांचा असे. स्त्रियांची शक्ती अल्प, ही समजूत नियमाच्या रूपाने तेथे गोठली होती. २००६ साली सर्व प्रकारांसाठी २१ गुणांची पद्धत आली तेव्हा हा भेद संपला. याचा अर्थ असा, की अमी घिया यांच्या काळात पुरुषांइतक्याच लांबीचा डाव स्त्रियांना केवळ दुहेरीत खेळावयास मिळत असे. ज्या प्रकाराला इतिहासाने दुय्यम लेखले, त्याच प्रकारात नियमांनी स्त्रीला समान मानले होते, ही विसंगती नोंद घेण्याजोगी आहे.

दुहेरीचे तंत्रही एकेरीहून सर्वस्वी निराळे असते. आक्रमणाच्या वेळी एका खेळाडूने जाळ्याजवळ आणि दुसऱ्याने मागे उभे राहावयाचे आणि बचावाची वेळ येताच दोघांनी बाजूबाजूला सरकून मैदान विभागून घ्यावयाचे. हा बदल प्रत्येक फेरीत अनेकदा आणि तोही न बोलता घडून यावा लागतो. दोघांच्या मधोमध आलेले फूल कोणी घ्यावयाचे, हा निर्णय क्षणार्धात व्हावा लागतो. या कौशल्याचा निवास कोणत्याही एका खेळाडूत नसतो. ते दोघांच्या संबंधातच सिद्ध होते. जोडीदारावर अवलंबून असल्यामुळे दुहेरीचे यश कमी मोलाचे, हा आक्षेप म्हणूनच टिकत नाही. असे अवलंबन साधणे हेच तेथील यश होय.

या साऱ्याची कसोटी १९७८ साली कॅनडातील एडमंटन येथे भरलेल्या राष्ट्रकुल क्रीडास्पर्धेत पाहावयास मिळते. तेथे प्रकाश पदुकोण यांनी पुरुष एकेरीत सुवर्णपदक जिंकले आणि महिला दुहेरीत अमी घिया व कंवल ठाकरसिंग यांनी कांस्यपदक मिळविले. या स्पर्धांत भारताने १९३४ साली लंडन येथे प्रथम भाग घेतला आणि त्याच वर्षी कुस्तीत रशीद अन्वर यांनी देशाला पहिले पदक मिळवून दिले. त्यानंतर एखाद्या भारतीय स्त्रीच्या नावावर पदक लागण्यास ४४ वर्षे जावी लागली आणि ते लागले तेव्हा दोघींच्या नावांवर एकदमच लागले. पदुकोण यांचे सुवर्णपदक खेळप्रेमींच्या स्मरणात राहिले आणि ते तसे राहणे योग्यही आहे. दोघींच्या कांस्यपदकाकडे मात्र त्याच स्पर्धेतील एक किरकोळ नोंद म्हणून पाहिले गेले.

या विस्मरणात भाषेचाही वाटा आहे. ‘पहिली भारतीय महिला’ हा शब्दप्रयोग एकवचनाची अपेक्षा धरूनच येतो. जोडीने मिळविलेले पदक या साच्यात बसत नाही. मग एक तर दोहोंपैकी एकच नाव पुढे केले जाते किंवा पुढे कोणा एकटीने मिळविलेल्या पदकाला ‘पहिले’ हे विशेषण चिकटते. १९९८ साली क्वालालंपूर येथे नेमबाज रूपा उन्नीकृष्णन यांनी मिळविलेले सुवर्णपदक खरोखरच ऐतिहासिक होते. परंतु त्या बहुमानाचे वर्णन करताना ‘वैयक्तिक’ आणि ‘सुवर्ण’ ही दोन विशेषणे गाळली, की एडमंटनच्या दोघी आपोआप पुसल्या जातात. नावांच्या लेखनातील अस्थिरतेनेही यात भर घातली आहे. कंवल ठाकरसिंग हे नाव कोठे ठाकर, कोठे ठाकूर, तर कोठे केवळ सिंग असे आढळते. अमी घिया यांच्या नावापुढे विवाहोत्तर शहा हे आडनाव येते. दमयंती सुभेदार या दमयंती तांबे झाल्या, तेव्हाही हेच घडले. पुरुष खेळाडूची कारकीर्द एकाच नावाखाली सलग वाचता येते. स्त्री खेळाडूची मात्र अभ्यासकाला दोन नावांतून जुळवून घ्यावी लागते आणि दुहेरीत ही अडचण दुप्पट होते.

१९८२ साली दिल्ली येथील आशियाई स्पर्धेत भारतीय महिला संघाने सांघिक कांस्यपदक मिळविले. त्या संघात अमी घिया यांचा समावेश होता. हे यशही एकेरीच्या नामावलीत कोठे दिसत नाही. पुढे २०१० साली दिल्लीच्याच राष्ट्रकुल स्पर्धेत ज्वाला गुट्टा आणि अश्विनी पोनप्पा यांनी महिला दुहेरीचे सुवर्णपदक जिंकले, तेव्हा या प्रकाराकडे देशाचे लक्ष वेधले गेले. ते यश अपूर्व होते, पण निराधार नव्हते. त्यामागे ३२ वर्षांपूर्वीची एक जोडी उभी होती.

अमी घिया यांचे पायाभूत कार्य सात एकेरी विजेतेपदांत शोधू गेल्यास त्या मीना शहांच्या बरोबरीच्या आणि अपर्णा पोपट यांच्या नऊ विजेतेपदांच्या मागे असलेल्या खेळाडू ठरतात. तेवीसही विजेतेपदे आणि एडमंटनचे पदक एकत्र वाचल्यास मात्र निराळे चित्र दिसते. समान नियमांखाली, समान लांबीचा डाव, जोडीदारासह खेळून भारतीय स्त्रियांना पदकापर्यंत नेणारी ही खेळाडू होती. हे चित्र पुरे व्हावयाचे तर त्यांच्या प्रत्येक दुहेरी विजेतेपदाशेजारी जोडीदाराचे नाव लिहिले गेले पाहिजे, आणि एडमंटनच्या पदकापुढे नेहमी दोन नावे आली पाहिजेत.