आज कुणाची बारी?

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)

गोष्ट १९९०च्या आसपासची. मोडनिंबला स्टँडजवळच्या चहाच्या हॉटेलात दुपारी चारच्या सुमाराला एक बैठक ठरलेली असायची. बोरांचे व्यापारी, दोन-चार बागाईतदार, रस्त्याकडेला गाडी लावून आलेला एखादा ट्रक ड्रायव्हर आणि आमच्यासारखी कॉलेजची पोरं. कप बशीत ओतता ओतता कुणीतरी विचारायचं, ‘आज कुणाची बारी?’ मग तास-दीड तास दुसरा विषय नाही. कोणती पार्टी आली, कोणती गेली, कुणाचा पाय जड झालाय, कुणाची अदा उतरलीय, अमकी आज उभी राहणार की तिच्या जागी दुसरीच येणार. हवामानाचा अंदाज सांगावा तसे लोक ठाम अंदाज सांगत आणि तो चुकला की फसवणूक झाल्यासारखे चिडत.

श्रोतेहो, मोडनिंब हे माढा तालुक्यातलं, पुणे-सोलापूर रस्त्यावरचं माझं गाव. पंढरपूर जवळ. पूर्वी कुर्डुवाडीहून पंढरपूरला जाणारी बार्शी लाईटची छोटी गाडी आमच्याच गावावरून जायची. वारकऱ्यांची आणि लावणीच्या शौकिनांची वाट अशी एकच. एका खिडकीतून अभंग ऐकू यायचे आणि पलीकडच्या बाकावर रात्रीच्या बारीची चर्चा चाललेली असायची. त्यात कुणाला काही वावगं वाटत नसे.

बाहेरच्या माणसाला तमाशा आणि संगीत बारी यांतला फरक ठाऊक नसतो, म्हणून थोडं सांगतो. ढोलकीफडाच्या तमाशात गण, गवळण, बतावणी आणि शेवटी वग असतो. फड गावोगाव फिरतो. संगीत बारीत वग नाही. पेटी, तबला, ढोलकी आणि लावणी, एवढाच संसार. बहुतेक पार्ट्या बायकांच्या मालकीच्या, मावशी, बहिणी, भाच्या यांच्या. बारी म्हणजे पाळी. थिएटरात एकापाठोपाठ एक पार्ट्या आपापल्या पाळीने रसिकांसमोर येतात. म्हणून ‘आज कुणाची बारी’ हा प्रश्न साधा वाटला तरी आमच्याकडे त्यावर पैजा लागत.

आम्ही मण्यार. अब्बा बाजारात बांगड्यांचं दुकान लावत आणि अम्मा टोपली घेऊन घरोघर जाई. थिएटरच्या मागच्या खोल्यांतही ती जायची. तिथल्या बायका तिला ‘भाभी’ म्हणत. नाचणाऱ्या हातांत बांगड्या फार टिकत नाहीत, त्यामुळे त्या खोल्यांतून तिला वरचेवर बोलावणं असे. एकाच इमारतीला दोन दारं होती. पुढच्या दाराने मी तिकीट काढून जात असे, मागच्या दाराने अम्मा टोपली घेऊन. मला तिथल्या लावण्या पाठ होत्या. तिला तिथल्या मनगटांची मापं पाठ होती.

मी तेव्हा बी. ए.च्या दुसऱ्या वर्षाला होतो. नुकत्याच कविता करू लागलो होतो, त्यामुळे लावणीतलं सगळं आपल्यालाच कळतं असा समज होता. त्या आठवड्यात एका नर्तकीच्या नावाचा फार गवगवा झाला होता. पैसे साठवून आम्ही चौघे मित्र पुढच्या रांगेत जाऊन बसलो. पडदा सरकला आणि तिच्या जागी पन्नाशीकडे झुकलेली एक बाई येऊन बसली. हो, बसलीच. पदर सावरला, एक गुडघा उभा केला, पेटीवाल्याकडे पाहिलं आणि बसूनच लावणी सुरू केली. मागून आरडाओरडा झाला, ‘उभी राहा!’ कुणी नाव घेऊन पहिलीला बोलवायला लागलं. कुणी पैसे परत मागायला लागलं. त्या ओरडणाऱ्यांत मी होतो. दुसरी लावणी सुरू होताच आम्ही उठून बाहेर आलो.

दुसऱ्या दिवशी हॉटेलात मी तावातावाने हे सांगत होतो. कोपऱ्यात बसणारे एक म्हातारे व्यापारी शेवटपर्यंत थांबले होते. ते एवढंच म्हणाले, ‘पोरा, एकाच ओळीवर तिनं सात-आठ वेळा निरनिराळ्या अदा केल्या. एकदा रुसवा, एकदा थट्टा, एकदा नुसती वाट बघणं. असं आता कुणी करत नाही. तू ते सोडून आलास.’

संध्याकाळी अम्माला सांगितलं. ती बांगड्या दोऱ्यात ओवत होती. म्हणाली, तिच्या डोळ्यांकडे बघायचं होतंस, हळदीसारखे पिवळे झालेत. कावीळ झाली होती. त्या अवस्थेतही आठवड्यात दोन रात्री तिने चाळ बांधले होते. तिसऱ्या रात्री उठताच येईना, तेव्हा कित्येक वर्षांपूर्वी नाच सोडलेली तिची मावशी पुढे आली. तिचे गुडघे गेले होते, म्हणून ती बसून गायली. अम्मा आणखी एक वाक्य बोलली, ‘तुला ताप आला तर तू कॉलेजला जात नाहीस.’

ते वाक्य मनात राहिलं. तेव्हापासून या ‘बदली’कडे मी वेगळ्या नजरेने पाहू लागलो आणि जुन्या गोष्टी नव्याने वाचू लागलो.

पाहायला गेलं तर तमाशाचा इतिहासच बदल्यांचा आहे. पेशवाईच्या उत्तरार्धात लावणी बहराला आली. आमच्या सोलापूरचे राम जोशी त्याच काळातले. जेजुरीचे सगनभाऊही त्याच काळातले. सगनभाऊ मुसलमान, हत्यारांना धार लावणारे शिकलगार. मराठीत लिहिणाऱ्या माझ्यासारख्याला हा आधार मोठा आहे. त्या काळच्या तमाशात बाईची भूमिका नाच्या पोऱ्या करत असे. लुगडं नेसून, चाळ बांधून मुलगाच नाचायचा. पुढे बोर्डावर प्रत्यक्ष बाई आली, ही सगळ्यांत मोठी बदली. पठ्ठे बापूराव आणि पवळा ही जोडी त्या बदलाची खूण म्हणून सांगितली जाते. घर सोडून तमाशात आलेला एक कुलकर्णी आणि अस्पृश्य मानल्या गेलेल्या जातीतली एक कलावंतीण. पवळा फडातून गेल्यावर बापूरावांच्या फडाची कळा उतरली, असं जुने लोक सांगत. म्हणजे एका बाईच्या न येण्याने काय होतं, हे रसिकांना तेव्हाही ठाऊक होतं.

आता दोन प्रसंग शेजारी ठेवतो. पहिला १२ मार्च १९११चा. मुंबईत किर्लोस्कर मंडळींच्या ‘संगीत मानापमान’चा पहिला प्रयोग. त्याच दिवशी बालगंधर्वांची लहान मुलगी वारली. तरीही ते भामिनी म्हणून रंगमंचावर उभे राहिले. दुसरा प्रसंग विठाबाई नारायणगावकरांचा. त्यांचा जन्म पंढरपूरचा, १९३५चा. दिवस भरलेले असताना त्या बोर्डावर नाचत होत्या. कळा सुरू झाल्या तेव्हा त्या मागे गेल्या, तिथेच बाळंत झाल्या, दगडाने नाळ तोडली आणि पुन्हा प्रेक्षकांसमोर आल्या, अशी हकिगत महाराष्ट्रभर सांगितली जाते. काय झालंय हे कळल्यावर प्रेक्षकांनीच हात जोडून त्यांना विश्रांती घ्यायला सांगितलं, असंही त्यात आहे.

हे दोन्ही प्रसंग आपण कलानिष्ठेचे म्हणून सांगतो. मीही भाषणांत सांगत आलो. दोघांची निष्ठा वादातीतच आहे. पण विठाबाईंच्या गोष्टीत आपण एक प्रश्न विचारत नाही. नऊ महिने भरलेली बाई त्या रात्री बोर्डावर होतीच का? तिच्या जागी दुसरी का उभी केली गेली नाही? नाव विठाबाईंचं होतं, गर्दी त्या नावासाठी जमली होती. त्या आल्या नसत्या तर गावाने सुपारीचे पैसे दिले असते का? आणि पैसे आले नसते तर सगळ्या फडाने खायचं काय? विठाबाईंना राष्ट्रपती पुरस्कार मिळाला. तरीही शेवटचे दिवस हलाखीत गेले आणि जानेवारी २००२मध्ये त्या गेल्या. पुढे सरकारने त्यांच्या नावाने जीवनगौरव पुरस्कार सुरू केला.

युरोप-अमेरिकेत बॅले नावाचा नाच आहे. तिथले शौकीनही आमच्या हॉटेलातल्या मंडळींसारखेच. आज राजहंसिणीची भूमिका कोण करणार, पुढच्या आठवड्यात कोण, यावर त्यांचेही वाद रंगतात. कुणाचा पाय मुरगळला तर कार्यक्रमपत्रिकेत एक छोटी चिठ्ठी सरकवलेली असते : आज अमकीऐवजी तमकी नाचेल. लोक हळहळतात, कुरकुरतात आणि बसतात. मोठ्या कंपन्यांत एकाच भूमिकेसाठी दोघी-तिघी तयार केलेल्या असतात आणि पगार मिळत असल्यामुळे आजारी नर्तकीची चूल विझत नाही. चिठ्ठी एवढीशी असते, पण तिच्यामागे एक व्यवस्था उभी असते. त्या व्यवस्थेचं साधं नाव म्हणजे न येण्याचा हक्क.

आमच्याकडे चिठ्ठी नव्हती, उचल होती. हंगामाच्या आधी कलावंत मालकाकडून आगाऊ रक्कम घेतो. घराचं छप्पर, भावाचं लग्न, मुलाची फी त्यातून होते. मग ती नाचून फेडायची. उचल अंगावर असलेल्या बाईला ताप यायची सोय नसते. गुढीपाडव्याच्या सुमाराला नारायणगावला फडांच्या राहुट्या लागतात. गावोगावचे पंच येऊन यात्रेची तारीख बांधतात. पहिला प्रश्न असतो, ‘यंदा फडात कोण कोण आहे?’ नावावर सुपारी ठरते. वर्षाची कमाई या चैत्र-वैशाखातल्या यात्रांवर अवलंबून असते.

२०२० साली गुढीपाडवा २५ मार्चला आला आणि त्याच दिवसापासून देशभर टाळेबंदी लागली. सगळ्यांचीच बारी एका दिवसात बंद झाली. पुढच्या वर्षी पुन्हा तेच. मे २०२१मध्ये कांताबाई सातारकर करोनाने गेल्या. त्या दोन वर्षांत कलावंतांना धान्याची पाकिटं वाटली गेली, फोटोही निघाले. पण काम नसताना, आजारात, बाळंतपणात कलावंताने जगायचं कसं, हा जुना प्रश्न पाकिटाने सुटत नाही.

याचा अर्थ रसिकांनी नावावर जीव टाकू नये, असं मी म्हणत नाही. ८ जुलै १९२१ रोजी टिळक स्वराज्य फंडासाठी बालगंधर्व आणि केशवराव भोसले ‘संयुक्त मानापमान’मध्ये एकत्र आले. केशवरावांचा धैर्यधर आणि गंधर्वांची भामिनी! त्यासाठी मुंबईत झुंबड उडाली. त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात केशवराव गेले. ज्यांनी ती रात्र पाहिली त्यांनी ती जन्मभर सांगितली. अमक्यालाच पाहायचं, हा हट्ट रसिकतेचाच भाग आहे. चहाच्या हॉटेलातल्या त्या चर्चेवर आमच्या कैक पिढ्या लावणी ओळखायला शिकल्या. फक्त त्या चर्चेत एक प्रश्न कमी होता. ‘ती का आली नाही?’ हे आम्ही विचारायचो ते पैसे वसूल करण्यासाठी. तिची विचारपूस त्यात नसे.

त्या रात्रीच्या मावशीबद्दलही थोडं बोलायला हवं. बैठकीची लावणी ही काही कमअस्सल जिन्नस नव्हे. पंढरपूरच्या सत्यभामाबाई, वाईच्या यमुनाबाई यांनी बसून केलेल्या अदाकारीला जाणकारांनी मान दिला. यमुनाबाई वाईकरांना २०१२ साली पद्मश्री मिळाली तेव्हा त्या शंभरीच्या जवळ होत्या. शरीर थकलं की पाय थांबतात. मग डोळे, भुवया, बोटं आणि गळा काम करतात. म्हणजे आमच्या परंपरेने वयाचीही बदली सोसण्याची सोय करून ठेवली होती. समोर ती सोय बसलेली असताना आम्ही ‘उभी राहा’ म्हणून ओरडत होतो.

ती बाई मला पुन्हा ऐकायला मिळाली नाही. पार्टी महिन्याभरात दुसऱ्या गावी गेली. कावीळ झालेली नर्तकी बरी झाली, हे अम्माकडून कळलं. जाताना दोन डझन हिरव्या बांगड्या भरून गेली. नाच्या पोऱ्यापासून आजच्या डीजेपर्यंतच्या बदल्या मी वाचून सांगू शकतो. माझ्या डोळ्यांसमोर झालेली एक बदली मात्र मी पाहिली नाही, कारण मी उठून गेलो होतो.

आता मोडनिंबच्या हॉटेलात पोरं मोबाईलवर बघून सांगतात, कुणाचा कार्यक्रम कुठल्या तारखेला, कोण येणार, कोणाची तारीख रद्द. चर्चेची गोडी तीच आहे. मागे एकदा एक पोरगा चिडून म्हणाला, ‘चाचा, ऐनवेळी नाव बदललं, पैसे वाया!’ मी विचारलं, ‘दुसरी कशी होती?’ तो म्हणाला, ‘बघितलीच नाही, निघून आलो.’

मी त्याच्यासाठी एक चहा सांगितला आणि त्याला मावशीची गोष्ट सांगायला सुरुवात केली.