कारखान्यातूनच सज्ज : ऑफ-रोड वाहन पारखण्याच्या कसोट्या

मारुती सुझुकीने १२ जानेवारी २०२३ रोजी ग्रेटर नोएडा येथील 'ऑटो एक्स्पो'मध्ये पाच दरवाजांची जिम्नी सादर केली आणि त्याच दिवशी नोंदणीही सुरू केली. किंमत मात्र ७ जून रोजी जाहीर झाली. मधल्या जवळपास पाच महिन्यांत वाहनप्रेमींच्या हाती होते ते मुख्यतः तांत्रिक तपशिलांचे पत्रक. व्हीलबेस वाढल्याने काय गमावले, डिफरन्शियलला लॉक का नाही, इंजिन पुरेसे आहे का, अशा प्रश्नांचा खल या काळात भरपूर झाला. त्रयस्थाला ही आकड्यांची चिकित्सा हौशी लोकांचा चाळा वाटण्याची शक्यता आहे. भारतात मात्र तिला व्यावहारिक अर्थ आहे. आडवाटेसाठी लागणारी सामग्री नंतर बसवून घेण्याची मुभा कायद्याने फारच थोडी ठेवली आहे. त्यामुळे कारखान्यातून जे मिळते, त्यावरच मालकाला पुढील अनेक वर्षे निभावून न्यावे लागते.

कायद्याची चौकट

मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ नुसार, नोंदणी प्रमाणपत्रातील तपशील उत्पादकाच्या मूळ तपशिलापेक्षा वेगळे होतील असा बदल मालकाला करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये दिलेल्या निकालात ही तरतूद अधिक स्पष्ट केली. त्याच वर्षी कायद्यात दुरुस्ती होऊन नियमबाह्य बदलासाठी सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड, अथवा दोन्ही, अशी शिक्षा ठेवण्यात आली. पुढील बंपरवर बसवले जाणारे लोखंडी गार्ड या कलमाचा भंग करतात, असे केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाने २०१७ च्या अखेरीस राज्यांना कळवले होते. सीएनजी संच किंवा दिव्यांगांसाठीची रचना अशा काही बदलांना रीतसर परवानगी मिळते. गाडी उंच करणे, मोठी चाके चढवणे किंवा निराळे इंजिन बसवणे हे मात्र मालकाच्या मर्जीवर राहिलेले नाही.

एके काळी जुनी जीप किंवा जिप्सी घ्यावी आणि ओळखीच्या गॅरेजमध्ये ती हवी तशी घडवून घ्यावी, ही हौशी चालकांची रीत होती. ती वाट अरुंद झाल्यामुळे 'कारखान्यातूनच सज्ज' या शब्दांना वजन आले.

तीन घराणी

सध्याच्या चर्चेतील वाहनांमागे तीन वेगवेगळ्या परंपरा आहेत. महिंद्राच्या वाहननिर्मितीची सुरुवातच विलीज जीपच्या जुळणीतून झाली. 'थार' हे नाव २०१० मध्ये आले आणि दुसऱ्या पिढीची थार २ ऑक्टोबर २०२० रोजी विक्रीस आली. सुझुकीची जिम्नी १९७० मध्ये जपानमध्ये अवतरली. तिच्याच कुळातील जिप्सी १९८५ पासून भारतात तयार होऊ लागली आणि सैन्यदल, पोलीस, वनखाते व मोटार शर्यती अशा सर्व ठिकाणी ती परिचित झाली. तिसरे घराणे पुण्याच्या फोर्स मोटर्सचे. त्यांची गुरखा संख्येने कमी खपत असली, तरी मूळ सामग्रीच्या बाबतीत ती या वर्गात सर्वांत पुढे राहिली आहे.

कसोटी पहिली : लो रेंज

उंच बांधणी, जाडजूड टायर आणि मागे टांगलेले जादा चाक एवढ्याने वाहन ऑफ-रोड ठरत नाही. इंजिनाची ताकद चारही चाकांकडे जाते का आणि 'लो रेंज' आहे का, हे सर्वप्रथम पाहावे लागते. ट्रान्सफर केसमधील ही जादा गिअरजोडी चाकांचा वेग कमी करते आणि त्या प्रमाणात पीळ वाढवते. त्यामुळे दगडगोट्यांच्या चढावर गाडी पावलापावलाने चढते आणि तीव्र उतारावर ब्रेक न दाबता इंजिनाच्या रोधावर सावकाश उतरते.

जिम्नीच्या घोषणेत कौतुक झाले ते याच बाबीचे. चारचाकी प्रणाली आणि लो रेंज तिच्या सर्व आवृत्त्यांत देण्यात आली. योगायोगाने तीनच दिवस आधी, ९ जानेवारी रोजी, महिंद्राने केवळ मागच्या चाकांवर चालणारी थार ९.९९ लाख रुपयांपासून बाजारात आणली होती. रूप तेच, पण आडवाटेवर लागणारी मुख्य यंत्रणा तीत नव्हती. पुढे ऑगस्ट २०२४ मध्ये आलेल्या पाच दरवाजांच्या थार रॉक्समध्येही चारही चाकांची प्रणाली फक्त डिझेल इंजिनासोबत मिळाली. सुरुवातीची आकर्षक किंमत वाचताना ती नेमक्या कोणत्या आवृत्तीची आहे, हे तपासण्याचे कारण इथेच दिसते.

जिम्नी, थार आणि गुरखा या तिन्हींची चारचाकी प्रणाली कायम जोडून ठेवण्यासाठी नसते. वळणावर पुढची आणि मागची चाके वेगवेगळे अंतर कापतात. तो फरक सामावून घेणारे मधले डिफरन्शियल या गाड्यांत नाही. कोरड्या डांबरी रस्त्यावर ही प्रणाली जोडून वळणे घेतल्यास यंत्रणेवर ताण येतो. चिखल, वाळू आणि सुटी खडी हेच तिचे क्षेत्र.

कसोटी दुसरी : डिफरन्शियलचा लॉक

एकाच ॲक्सलवरील दोन चाकांना वळणावर वेगवेगळ्या गतीने फिरू देण्याचे काम डिफरन्शियल करते. आडवाटेवर हाच गुण दोष ठरतो. एक चाक खड्ड्यावर अधांतरी लटकले की इंजिनाचा जोर तिकडेच वाया जातो आणि जमिनीवर टेकलेले चाक निश्चल राहते. लॉक लावला की दोन्ही चाके एकत्र फिरतात.

गुरखामध्ये पुढच्या आणि मागच्या अशा दोन्ही ॲक्सलना चालकाने लावायचे यांत्रिक लॉक कारखान्यातूनच मिळतात. थारच्या निवडक आवृत्त्यांत मागच्या ॲक्सलवर लॉक आहे; दोन चाकांच्या गतीतील फरक वाढला की तो आपोआप लागतो. जिम्नीत खरा लॉक नाही. तीत घसरणाऱ्या चाकाला संगणकीय यंत्रणा ब्रेक लावते आणि जोर दुसऱ्या चाकाकडे वळवते. ही युक्ती हलक्या गाडीत चांगली काम करते, परंतु चाक काही क्षण घसरल्यावरच ती जागी होते, आणि दीर्घकाळ वापरल्यास ब्रेक तापतात. जिम्नीवर वाहनप्रेमींनी घेतलेल्या आक्षेपांपैकी हा सर्वांत साधार होता.

कसोटी तिसरी : कोन आणि उंची

पुढचा बंपर न घासता गाडी किती तीव्र चढाला भिडू शकते, हे 'अप्रोच अँगल' सांगतो. उतरताना मागचा भाग सुटेल का, हे 'डिपार्चर अँगल'. टेकाडाच्या माथ्यावर पोट टेकेल की नाही, हे 'ब्रेकओव्हर अँगल'वरून कळते. हा तिसरा कोन पुढच्या-मागच्या चाकांतील अंतरावर, म्हणजे व्हीलबेसवर, फार अवलंबून असतो.

जिम्नीचे उदाहरण या दृष्टीने बोलके आहे. परदेशातील तीन दरवाजांच्या जिम्नीचा व्हीलबेस २,२५० मिलिमीटर. भारतात मागच्या प्रवाशांना दरवाजे आणि जागा देण्यासाठी तो २,५९० मिलिमीटर झाला. परिणामी ब्रेकओव्हर कोन २८ अंशांवरून २४ अंशांवर आला. अप्रोच ३६ अंश आणि डिपार्चर ५० अंश हे कोन मात्र जवळपास पूर्ववत राहिले. थार रॉक्सचा व्हीलबेस २,८५० मिलिमीटर आहे. तिचाही ब्रेकओव्हर कोन २४ अंशांच्या आतबाहेर येतो, तर २,४५० मिलिमीटर व्हीलबेसच्या तीन दरवाजी थारचा २७ अंश आहे. कुटुंबाची सोय वाढली की माथ्यावर टेकण्याचा धोका वाढतो. हा सौदा वाईट नव्हे, पण तो सौदा आहे हे उमजून करावा.

ग्राउंड क्लिअरन्सचे आकडेही सरळ तुलनेने फसवतात. जिम्नीचा आकडा २१० मिलिमीटर, थारचा २२६. जिम्नीत पुढे आणि मागे एकसंध ॲक्सल असल्याने सर्वांत खालचा भाग म्हणजे डिफरन्शियलचा गोळा. तो चाकांसोबत वर-खाली होतो आणि जमिनीपासूनचे त्याचे अंतर कायम राहते. थारच्या पुढच्या चाकांना स्वतंत्र सस्पेन्शन आहे. त्यामुळे रस्त्यावर ती अधिक स्थिर वाटते, पण स्प्रिंग दबल्यावर पुढील भागाची उंची घटते. खडकाळ वाटेवर एका बाजूचे चाक वर ढकलले गेले की एकसंध ॲक्सल दुसऱ्या बाजूचे चाक खाली दाबतो, हा जिम्नीचा आणखी एक लाभ.

कसोटी चौथी : वजन आणि ताकद

पत्रकातील अश्वशक्तीच्या आकड्याने जिम्नीवर नाराजी ओढवली. तिचे दीड लिटरचे पेट्रोल इंजिन सुमारे १०३ अश्वशक्ती देते, तर थारचे दोन लिटरचे पेट्रोल इंजिन १५०. महामार्गावर ओव्हरटेक करताना हा फरक जाणवतो. जिम्नीचे वजन मात्र सुमारे १,२०० किलो आहे. चिखलात आणि वाळूत वजन हा मोठा शत्रू असतो. जड गाडी रुतते आणि रुतल्यावर निघत नाही. जिप्सीची कीर्तीही अश्वशक्तीपेक्षा हलकेपणावर उभी होती. त्यामुळे अश्वशक्ती एकटी न वाचता वजनासह वाचावी, हा या वादातून निघालेला शहाणपणाचा धडा.

कसोटी पाचवी : पाणी

पावसाळी प्रदेशातील वाचकांसाठी ही कसोटी दुय्यम नाही. थारसाठी ६५० मिलिमीटर, तर गुरखासाठी ७०० मिलिमीटर खोल पाण्यातून जाण्याची क्षमता उत्पादकांनी जाहीर केली आहे. गुरखाला उंचावरून हवा ओढणारी नळी, म्हणजे स्नॉर्केल, कारखान्यातूनच मिळते. हे आकडे संथ पाणी आणि सावकाश चाल गृहीत धरतात. ओहोळाच्या वेगवान प्रवाहात गाडी त्याहून कमी पाण्यातही बाजूला ढकलली जाते. हवेच्या वाटेने पाणी सिलिंडरमध्ये शिरले तर ते हवेसारखे दाबले जात नाही. पिस्टनला जोडणारा दांडा वाकतो आणि इंजिन निकामी होते. अशा हानीची भरपाई साध्या विमा पॉलिसीत सहसा मिळत नाही; इंजिनासाठी जादा संरक्षण घ्यावे लागते.

बाजाराचा निकाल

जिम्नीसाठी विक्रीपूर्वीच २५ हजारांहून अधिक नोंदण्या झाल्या होत्या. किंमत १२.७४ लाख ते १५.०५ लाख रुपये, शोरूमपर्यंतची, जाहीर झाली आणि उत्साह ओसरू लागला. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये कंपनीला १०.७४ लाखांपासूनची खास आवृत्ती आणावी लागली. दुसरीकडे, थार रॉक्सला ऑक्टोबर २०२४ मध्ये पहिल्या तासाभरातच १ लाख ७६ हजार नोंदण्या मिळाल्या. आडवाटेवरील कर्तृत्व हा बहुसंख्य ग्राहकांचा निकष नव्हता. ऐसपैस जागा, जोरकस इंजिन आणि रुबाब यांना त्यांनी पसंती दिली.

कथेचा पुढचा भाग जपानमध्ये घडला. गुरुग्राममध्ये तयार झालेली हीच पाच दरवाजांची जिम्नी 'नोमेड' या नावाने जानेवारी २०२५ अखेरीस तिथे जाहीर झाली. महिन्याला १,२०० गाड्यांचे नियोजन असताना चार-पाच दिवसांत सुमारे ५० हजार मागण्या आल्या आणि कंपनीला नोंदणी थांबवावी लागली. यंत्र तेच, ग्राहक निराळे. वाहनप्रेमींचे यंत्राविषयीचे मूल्यमापन बरेचसे बरोबर होते. त्या गुणांसाठी किती लोक किती पैसे मोजतील, हा अंदाज मात्र चुकला.

गोव्याच्या वाटेवर

गोव्यात अशा वाहनांचे आकर्षण मोठे आहे. भाड्याने मिळणाऱ्या गाड्यांतही थार ठळकपणे दिसते. तथापि, या गाड्यांना मोकळे रान येथे नाही. समुद्रकिनाऱ्यावर वाहन नेण्यास बंदी आहे आणि तरीही गाडी नेणाऱ्यांवर गुन्हे नोंदवले जातात. ओल्या वाळूत रुतलेली गाडी भरतीत सापडली, तर खारे पाणी चासी आणि विद्युत यंत्रणा कायमची पोखरते. अभयारण्यांत परवानगीविना प्रवेश नाही. कुळेहून दूधसागरकडे ओहोळ ओलांडत पर्यटकांना नेणाऱ्या जीपगाड्या हा परवानगीने चालणारा व्यवसाय आहे आणि तोही पावसाळ्यात बंद असतो. २०१४ पासून गोव्यात पावसाळ्यात भरलेल्या 'रेनफॉरेस्ट चॅलेंज' स्पर्धेतील बहुतेक गाड्या खास स्पर्धेसाठी घडवलेल्या असतात. त्यांची तुलना शोरूममधील गाडीशी करणे गैर आहे.

मग सामान्य मालकाच्या वाट्याला उरते काय? बागायतीकडे जाणारी जांभ्या दगडाची निसरडी वाट, घाटातील पावसाळी चढ, खचलेला गावरस्ता. या वापराला लो रेंज, हलके वजन आणि योग्य टायर पुरेसे पडतात. मूळ मापातच माती-खडकांसाठीच्या नक्षीचे टायर बसवल्याने नोंदणीतील तपशील बदलत नाहीत. त्यामुळे नंतर करण्याजोगी ही सर्वांत सोपी आणि उपयुक्त सुधारणा ठरते. पूर्ण लॉक आणि स्नॉर्केलची खरी गरज ज्यांना आहे, त्यांनी ते कारखान्यातून देणारे वाहनच निवडावे. नंतर बसवून घेऊ, हा हिशेब धरू नये.

पुढच्या वेळी एखादे नवे ऑफ-रोड वाहन झगमगाटात जाहीर होईल, तेव्हा पत्रकातील पाच गोष्टी आधी वाचाव्यात : लो रेंज कोणत्या आवृत्तीपासून मिळते, लॉक खरा आहे की ब्रेकवर चालणारा, तिन्ही कोन किती, वजन किती आणि पाण्याची मर्यादा किती. सुरुवातीची किंमत त्यानंतर वाचावी, आणि तीही हव्या असलेल्या आवृत्तीचीच.